एका सिगारला चार हात

मायामीहून एक माणूस आमच्या या बेटावरच्या तांबोरील गावात नोकरी मागायला आलाय, असं मायोबानेक्सने सांगितलं तेव्हा सिगारच्या कारखान्यातल्या अख्ख्या हॉलला वाटलं, हा चेष्टा करतोय. मायोबानेक्स आमचा मुकादम. त्याला चेष्टा करायची सवय नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढी अक्कलही नाही. पण विश्वास कसा बसणार? आमच्या गल्लीतली पोरं तिकडे जायला फुटक्या होड्यांत बसतात, खोटी लग्नं लावतात, आल्ताग्रासिया माउलीला नवस बोलतात. आणि हा बाबा तिकडचा पासपोर्ट खिशात घालून इकडे कामाला!

"डोक्यावर पडलाय का?" योकास्ताने विचारलं. योकास्ता आमची तपासणारी, प्रत्येक सिगार तिच्या हाताखालून जाते.

"पोलीस मागे लागले असतील," मागच्या टेबलावरून कुणीतरी.

"छे! बायको मागे लागली असेल."

तो दारातच उभा होता आणि हे सगळं ऐकत होता. साठीचा, काटकुळा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर बारीक मिशी. मूळचा क्यूबाचा. नाव एवेलिओ. दुपारच्या कॉफीपर्यंत त्याचं बारसं उरकलं होतं. उलट्या वाटेने आला म्हणून उलटोबा. टोपणनाव ठेवल्याशिवाय आमच्या लोकांना घास गिळत नाही.

मी त्या हसण्यात नव्हते. मला माहीत होतं, हे लोढणं माझ्याच गळ्यात येणार आहे.

आमचं काम जोडीचं. एक जण आतली पानं हातावर जुळवून गाभा बांधतो, दुसरी त्यावर वरचं पान चढवते. मी चढवणारी. बाकीचा हॉल गाभा साच्यात घालून दाबतो, मग सावकाश गुंडाळतो. आमच्या टेबलाची सिगार वेगळी, मधे पोट आणि दोन्हीकडे निमुळती. तिला साचा नाही. गाभा बांधला की लगेच, हाताची ऊब आहे तोवर, शेजारणीच्या हातात द्यायचा. वीसेक वर्षं फेयोने दिला आणि मी घेतला. एकमेकांकडे बघायचीसुद्धा गरज नसे. रेडिओवर गाणं चालू, तोंडं चालू, हात आपले चालू. मग फेयोच्या मुलीने त्याला न्यूयॉर्कला नेलं. आता तो पुतण्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरतो आणि रविवारी फोन करून थंडीच्या नावाने रडतो.

त्याच्या जागी मला दोन पोरं दिली. पहिला फोनमधून मान वर काढेना. दुसऱ्याचा गाभा म्हणजे भिजलेली चिंधी. दोघंही गेले. आणि जोडी नसलेल्या बाईला आमच्या कारखान्यात टेबल मिळत नाही, तिला शिरांच्या खोलीत पाठवतात. ओल्या पानाची मधली शीर ओढून काढायची, दिवसभर, अंधारात. नव्या मुली तिथून सुरुवात करतात. मीही केली होती, सतरा वर्षांची असताना. पन्नाशी उलटल्यावर परत तिथे जाऊन बसायचं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक.

मायोबानेक्सने उलटोबाला आणून माझ्या उजव्या हाताला बसवलं. "मावशी, हा शेवटचा. याच्याशीपण नाही जमलं तर मग मला बोल लावू नका."

"तुला कशाला बोल लावू? तू काय माणूस आहेस?" मी म्हटलं. तो हसला. त्याला वाटलं कौतुक आहे.

एवेलिओचा पहिला गाभा मी बघितला आणि हातातलं पान खाली ठेवलं. आतलं एकेक पान नळीसारखं वळून त्याने असं बसवलं होतं, की फुंकर आरपार जावी. बोटं घाई करत नव्हती, थांबतही नव्हती. फेयो चांगला होता, पण फेयो असा नव्हता. मी हात पुढे केला.

त्याने दिला नाही.

गाभा तळहातावर फिरवला, निरखला, आणि डावा हात माझ्या पानांकडे न्यायला लागला. वरचं पान घ्यायला!

"अहो, काय करताय?"

"पुरी करतो."

"पुरी मी करते. तुम्ही द्यायचा."

"माझी अर्धवट राहिलीय ना, बाई."

"तुमची कसली डोंबलाची? जोडीची आहे ती. आणा इकडे!"

मी त्याच्या हातातून ओढूनच घेतला. त्याचा चेहरा असा झाला, जसं मी त्याचं जेवणाचं ताट उचललंय. त्यांच्या देशात एकच माणूस सगळं करतो. पानं जुळवण्यापासून टोक मिटेपर्यंत सिगार एकट्याची. लहानपणापासून त्याने तेच केलं होतं, मायामीतही तेच. अर्ध्यावर दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे त्याच्या जिवावर यायचं.

पुढचे काही आठवडे मी काय सोसलंय ते विचारू नका. द्या म्हटलं की द्यायचा, पण दोन बोटं धरूनच ठेवायचा. कधी मी पान कापायला वाकले, की तेवढ्यात स्वतःच गुंडाळायला घ्यायचा. मी त्याच्या मनगटावर फटका मारायची. मागच्या टेबलवाल्या ओरडायच्या, "उलटोबा, बायकोला दे रे!" मी त्यांना तिथूनच शिव्या घालायची. संध्याकाळी खांदे एवढे भरून यायचे, की घरी जाऊन केळ्यांचा मांगू कुस्करायलाही हात उचलत नसे. कोरडा पाव खाऊन झोपायची.

पण काम निघत होतं. योकास्ता आमची जुडी उचलायची आणि मान हलवून पुढे जायची, आणि मान हलवून पुढे जाते म्हणजे ती खूश.

हळूहळू तो बोलायला लागला. मायामीत एका दुकानाच्या काचेत बसून तो सिगारी वळायचा. रस्त्यावरून जाणारे थांबायचे, हातांचे फोटो काढायचे. "चेहऱ्याचा कुणी काढत नसे," तो म्हणाला. "पंधरा वर्षं काचेत होतो, बाई. नाकात खाज आली तरी खाजवायची चोरी." मग म्हातारा मालक गेला, पोरांनी दुकान विकलं, तिथे केकचं दुकान झालं. बायको त्याआधीच गेली होती. घरभाडं वाढत चाललं. म्हातारा माणूस, कामाच्या नावावर एवढं एकच येतं, आणि ते काम त्या गावात कुणाला नको.

"मग हॉटेलात भांडी घासायची. तिकडची भांडी इकडच्या दहा सिगारींना भारी पडतात, असं आमचा फेयो म्हणतो."

"घासली की," तो म्हणाला. "चार महिने घासली. रात्री झोपेत हात पानं वळायचे. म्हटलं, जिथे हे काम आहे तिथे जावं. पैसे थोडे तर थोडे."

मी थर्मासमधली कॉफी त्याच्या पेल्यात ओतली. त्याने ती प्यायली आणि आमची कॉफी कशी पाणचट आहे ते सांगितलं. क्यूबनच तो.

तीन महिन्यांनी त्याला इथे राहायचे कागद करायचे होते, त्यासाठी कारखान्याचं पत्र हवं होतं. मायोबानेक्स म्हणाला, जोडी टिकली तर देतो. म्हणजे त्याचा जीव माझ्या हातात आणि माझा त्याच्या. आणि खरंच, एक दिवस मी न बघता हात केला आणि गाभा हातात आला. बोटं अडकवलेली नव्हती. मी त्याच्याकडे बघितलं नाही, उगाच शेफारेल. पण मनातून बरं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

त्यानंतरच्याच एका सकाळी आमच्या गल्लीत पाणी आलं.

तीन आठवडे नळ कोरडे होते. पाणी आलं, की आमच्याकडे लग्न असो, मयत असो, आधी पिंपं भरायची. मी माझी भरली, वरच्या म्हातारीची भरली, आणि धापा टाकत कारखान्यात पोचले तेव्हा कामाला लागून दोन तास होऊन गेले होते. मायोबानेक्स आता सगळ्यांदेखत खरडपट्टी काढणार, म्हणून मी खाली मान घालून आत शिरले. कुणी काही बोललं नाही. माझ्या जागेसमोर सिगारींची पुरी जुडी बांधून ठेवलेली. पुरी! वरचं पान चढवलेलं, टोकं मिटलेली.

एवेलिओ समोर बघत कुजबुजला, "कुणाला कळलं नाही. मी सांगितलं, तुम्ही आत्ता इथेच होतात, हात धुवायला गेलात."

एवढं माझ्यासाठी वीस वर्षांत फेयोनेही केलं नव्हतं. त्याने झाकलं असतं, पण त्याला वरचं पान चढवता कुठे येत होतं!

तेवढ्यात योकास्ता आली. जुडी उचलली. मान हलवून पुढे गेली नाही. एक सिगार काढली, उजेडात धरली.

"हे टोक तुझं नाही, देया."

माझं टोक एका वेढ्यात मिटतं. याने तीन वेढे दिले होते, क्यूबात देतात तसे, वीण दिसूच नये असे. घाई होती म्हणून निदान माझ्यासारखं वाईट तरी करायचं! पण नाही. हात धरला असता तरी त्याला वाईट करता आलं नसतं.

"गप ना गं," मी म्हटलं. पण योकास्ताच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ती तिथून ओरडलीच, "मायोबानेक्स, बघ रे, उलटोबाने एकट्याने केल्यात! काय टोकं आहेत!" तिच्या मनात काही नव्हतं. ती कौतुकच करत होती.

मायोबानेक्सने सिगार हातात घेतली. फिरवली. आणि त्या मठ्ठ डोक्यात आयुष्यात पहिल्यांदा दिवा लागलेला मी बघितला.

"म्हणजे हे एकटेच करतात?"

पुढारी असो की मुकादम, असल्या गोष्टीला त्यांना वेळ लागत नाही. कारखान्याने पुढे पाहुण्यांसाठी काचेची खोली बांधून ठेवली होती, तिथे बसवायला माणूस मिळत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून एवेलिओ तिथे, एकटा. मी शिरांच्या खोलीत. "तुमच्यासाठी जोडी मिळेपर्यंत, मावशी." जोडी कुठून मिळणार होती? बिनसाच्याचं काम येणारा माणूस अख्ख्या तांबोरीलमध्ये राहिला नाही, हे त्यालाही माहीत होतं.

मी भांडले. हॉल ऐकत होता. माझा आवाज चिरकला तेव्हा रेडिओ कुणीतरी बारीक केला, त्याचीच जास्त लाज वाटली.

एवेलिओ म्हणाला, "मी जात नाही काचेत. मी इथेच जोडीत बसतो."

"मग पत्र विसरा," मायोबानेक्स म्हणाला. "पाहुणे म्हणूनच राहा इथे. राहाल तितके दिवस."

फाटकाबाहेर तो माझ्या मागे मागे आला. शर्टाची इस्त्री मोडली होती.

"बाई, मी तुम्हाला वाचवायला गेलो होतो हो."

"वाचवलंत की! चांगलं बुडवून वाचवलंत! मी मागितलं होतं का? अर्धा दिवस कापला असता माझा, तेवढंच. आता उभा जन्म ओली पानं ओढत बसते." त्याच्या हनुवटीला काहीतरी होत होतं. माझ्यात आणखी चिडायचंही बळ उरलं नव्हतं. "जा, बसा काचेत. दोघांचं वाटोळं कशाला? पत्र घ्या आणि कागद करा."

शिरांच्या खोलीत काही बदललं नव्हतं. तीच ओल, तोच आंबट वास. माझ्या दोन्ही बाजूंना विशीच्या पोरी. मला "आजी, असं ओढायचं" म्हणून दाखवायच्या. मी बघून घ्यायची आणि पुढचं पान उचलायची. रोज सकाळी एवेलिओ दारात कॉफीचा पेला ठेवून जायचा. मी पहिले दिवस घेतला नाही. मग घेतला, कॉफीवर राग काढून काय करायचं? पण बोलले नाही. माझी चावेता, पान कापायचं ते अर्धगोल पातं, अजून एप्रनच्या खिशात होतं. तिथे त्याचं काही काम नव्हतं. तरी घरी ठेववेना.

मग जर्मन आले. मोठं गिऱ्हाईक. मालक स्वतः हजर, मायोबानेक्सच्या गळ्यात टाय. पाहुण्यांना उकडू नये म्हणून काचेच्या खोलीत एसी लावलेला, आणि एसीत वरचं पान सुकून कुरकुरीत होतं, एवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पानं फाटायला लागली तसा निरोप आला, ओली पानं पाठवा, लवकर. पोरी लाजल्या. मी परडीवर ओलं फडकं घातलं आणि निघाले.

आत आठदहा पाहुणे, सगळ्यांचे फोन वर. मधे एवेलिओ, गवताची टोपी घातलेला. टोपी कारखान्याने दिली होती. मी परडी ठेवायला वाकले. तो मला बघत नव्हता, कुणालाच बघत नव्हता. बोटं गाभा बांधत होती. बांधून झाला. आणि त्याचा हात डावीकडे गेला.

डावीकडे कुणी नव्हतं. हात तसाच हवेत, गाभा पुढे धरलेला.

पाहुण्यांना वाटलं, बघायला देतोय. त्यातला एक जाडजूड गृहस्थ पुढे झाला आणि घ्यायला लागला. एवेलिओने दचकून वर बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं. कान लाल झाले. म्हातारा माणूस, भर लोकांत!

महिनोन्‌महिने फटके मारून मीच ते त्याच्या अंगवळणी पाडलं होतं, आणि घ्यायची वेळ आली तेव्हा घेणारी शिरांच्या खोलीत. मी एप्रनला हात पुसले. जाडजूड साहेबाला म्हटलं, "सरका जरा." त्याला काय कळलं देव जाणे, पण सरकला. त्याच्यासाठी ठेवलेली खुर्ची मी टेबलाशी ओढली, बसले आणि गाभा घेतला. अजून गरम होता. चावेता काढली, पान ताणलं, कापलं, चढवलं. टोक मिटलं, माझ्या पद्धतीने, एका वेढ्यात. तोवर दुसरा गाभा आलाच होता. मी बघितलं नाही, त्यानेही नाही. तिसरा. चौथा.

मायोबानेक्सचं तोंड उघडलेलं मला काचेत दिसत होतं. आता ओरडणार. पण साहेबाने दुभाषी मुलीकडून आधी विचारलं, "हे नेहमी असं दोघं मिळून करतात?"

मायोबानेक्सचं तोंड मिटलं, परत उघडलं. "हो तर! आमची रीतच आहे ती, साहेब. पिढ्यान्‌पिढ्यांची."

मी खाली मान घालून हसू दाबलं. साहेबाने फोटो काढले, नुसत्या हातांचे. त्याला ते चार हात त्याच्या डब्यांवर छापायचे होते. हेच चार, दुसरे नकोत म्हणाला. पुढच्या वर्षी येऊन परत बघेन म्हणाला. मालकाने मायोबानेक्सकडे बघितलं, मायोबानेक्सने छताकडे.

अशी मी टेबलावर परत आले. टेबल मात्र काचेतलं. दिवसभर एसीचा वारा मानेवर, संध्याकाळी मान आखडलेली. बसच्या बस भरून लोक येतात, काचेला नाक लावतात.

"काचेला कंटाळून मी इथवर आलो होतो," एवेलिओ पहिल्या दिवशी म्हणाला.

"आणि मी शिरांना. रड नंतर, आधी गाभा दे." त्या दिवसापासून मी त्याला अरेतुरे करायला लागले.

गेल्या बुधवारी तो कारखान्याचं पत्र घेऊन कागदांसाठी राजधानीला गेला. पाहुणे यायचे होते, म्हणून मायोबानेक्सने मला एकटीलाच बसवलं, आदल्या दिवशीचे उरलेले गाभे, थंड का असेनात, दाखवायला म्हणून टोपलीत माझ्या पुढ्यात ठेवून. मी एकेक उचलत होते. डोकं कुठेतरी होतं, पाण्याचं पिंप, वीज गेली तर काय, असंच काहीतरी. एक सिगार पुरी केली आणि पुढच्यासाठी हात उजवीकडे पसरला, न बघता. थांबले. येईना. तरी थांबले. मग हातात काहीतरी पडलं. हलकं.

बघितलं तर कागद. आत शिरलेल्या एका गोऱ्या म्हातारीने माझ्या पसरलेल्या तळहातावर एक डॉलरची नोट ठेवली होती आणि माझ्याकडे बघून मान हलवत होती, बिचारी गं बिचारी, अशा तोंडाने.

मी नोट परत केली. तिने परत दिली. मी परत केली. शेवटी तिच्या मुलीने तिला ओढून नेलं. मी टेबलाखाली हात धरून बसले, बराच वेळ. हसू येत होतं की रडू, ते मला अजून सांगता येणार नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे बसचा आवाज.

"शिक्का मिळाला, देया! राहिलो मी इथे!"

"बरं झालं," मी म्हटलं. "उद्या वेळेवर ये. तू नसलास की लोक मला भीक घालतात."